मेंढपाळ (संकल्पना)

मेंढपाळ : मेंढ्याबकऱ्यांचे कळप चारून, राखून त्यांवर उपजीविका करणारा माणूस. हा या शब्दाचा मूळ व व्यावसायिक अर्थ होय. तथापि पश्चिमी संस्कृतीत या व्यवसायाच्या नावावरून एक व्यापक संकल्पना विकसित झाली. ‘चारणे’, ‘खाऊ घालणे’ या अर्थाच्या ‘पास्केरे’ या लॅटिन क्रियापदापासून ‘पास्तोर’ म्हणजे मेंढपाळ हे नाम व त्यावरून ‘पॅस्टोरल’ हे विशेषण आले. हे विशेषण आज तीन निरनिराळ्या क्षेत्रांत वापरले जाते : ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे सेवाकार्य, साहित्यातील एक जुनी परंपरा आणि जमिनीचा चराईसाठी होणारा वापर. मराठीत या तिन्ही अर्थांना मिळून एक शब्द नाही. पहिल्या अर्थी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ‘पाळक’ हा शब्द रूढ आहे. दुसऱ्यासाठी समीक्षक ‘गोपकाव्य’ किंवा ‘जानपद काव्य’ म्हणतात. तर तिसऱ्यासाठी ‘पशुचारण’ वा ‘पशुपालन’ हे शब्द योजले जातात. या वेगळेपणामुळे तीन अर्थांचे परस्परसंबंध मराठी वाचकाच्या सहसा लक्षात येत नाहीत. वस्तुतः त्यांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे आणि कळप कोणाचा, कुरण कोणाचे व राखणदाराचा अधिकार कोठवर, हा प्रश्न तिन्ही क्षेत्रांत पुनःपुन्हा उपस्थित झालेला आहे.

पूर्वपीठिका : शेळ्यामेंढ्या पश्चिम आशियाच्या डोंगराळ पट्ट्यात सु. दहा हजार वर्षांपूर्वी माणसाळविल्या गेल्या. शेती व पशुपालन यांची वाढ त्या प्रदेशात एकमेकांच्या आधाराने झाली. मात्र शेतकरी एका जागी स्थिरावला आणि मेंढपाळ ऋतुमानानुसार हिंडत राहिला. या दोघांतील देवघेव व तेढ ही दोन्ही फार जुनी आहेत. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या ग्रंथातील काइन व हाबेल या भावांच्या कथेत शेतकरी भाऊ मेंढपाळ भावाचा खून करतो. 

राजाला मेंढपाळाची उपमा देण्याची प्रथा प्राचीन मेसोपोटेमियात दिसते. बॅबिलनचा राजा हामुराबी (इ. स. पू. सु. १७९२–१७५०) आपल्या विधिसंहितेच्या प्रस्तावनेत स्वतःला मेंढपाळ म्हणवितो. ईजिप्तच्या फेअरोंच्या राजचिन्हांत मेंढपाळाची आकडेदार काठी होती. होमरच्या महाकाव्यांत ॲगमेम्नॉनसारख्या राजांसाठी ‘लोकांचा मेंढपाळ’ ही उपाधी वारंवार येते. प्लेटोने मात्र आपल्या पॉलिटिकस या संवादात ही उपमा आधी स्वीकारून मग तपासली व ती अपुरी ठरविली. त्याच्या मते मेंढपाळ हा आपल्या कळपाचा अन्नदाता, वैद्य व सुईण असे सर्व काही असतो. माणसांच्या बाबतीत ही कामे वेगवेगळे लोक करतात आणि राज्यकर्ता हा काही प्रजेहून वेगळ्या जातीचा प्राणी नव्हे. मेंढपाळाच्या उपमेवर पुढे जे आक्षेप घेतले गेले, त्यांपैकी बहुतेकांचे बीज या चिकित्सेत सापडते.

भारतीय भाषांतही पशुपालनाच्या शब्दांतून सार्वजनिक जीवनाचे शब्द निघाले आहेत. ‘गोप’ म्हणजे गुराखी. त्यावरूनच ‘गुप्’ (रक्षण करणे) हा धातू सिद्ध झाला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. ‘गोत्र’ या शब्दाचा जुना अर्थ गाईंचा गोठा असा होता. ‘गोष्ठ’ म्हणजे गाई बसण्याची जागा. त्यावरून ‘गोष्ठी’ म्हणजे मंडळींची बैठक व तीवरून मराठीतील ‘गोष्ट’ हा शब्द आला. ‘गवेषणा’ हा विद्वानांचा आवडता शब्द मुळात हरवलेल्या गाईंच्या शोधाचा आहे. येथे एक फरक नोंदविण्याजोगा आहे. भारतीय परंपरेतील प्रतीकात्मक कळप हा प्रामुख्याने गाईंचा आहे, तर भूमध्य सागराभोवतालच्या परंपरेत तो मेंढरांचा आहे. भारतात मेंढरे राखणाऱ्याला गोपालाची प्रतिष्ठा अभिजात वाङ्‌मयाने क्वचितच दिली.

धर्मक्षेत्रातील अर्थ : इझ्राएली लोकांचे पूर्वज भटके पशुपालक होते, अशी त्यांची परंपरा सांगते. त्यांचा आदर्श राजा डेव्हिड (दावीद) हा तरुणपणी मेंढरे राखीत असे. ईश्वर हाच खरा मेंढपाळ, ही कल्पना स्तोत्रसंहितेत, विशेषतः तेविसाव्या स्तोत्रात, आढळते. यहेज्केल या संदेष्ट्याच्या ग्रंथातील चौतिसावा अध्याय या संकल्पनेच्या इतिहासात अतिशय महत्त्वाचा आहे. कळपाची चरबी खाणारे, लोकर पांघरणारे, परंतु दुबळ्या मेंढरांकडे पाठ फिरविणारे मेंढपाळ म्हणजे इझ्राएलचे राज्यकर्ते, अशी कठोर टीका त्यात आहे. असे मेंढपाळ काढून टाकून ईश्वर स्वतःच कळपाची राखण करील, असे त्यात बजावले आहे. अशा प्रकारे ही उपमा आरंभापासूनच सत्तेचे समर्थन व सत्तेची झडती अशा दोन्ही कामी आली आहे.

नव्या करारात येशू ख्रिस्त हा ‘उत्तम मेंढपाळ’ म्हणून येतो. योहानकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात मेंढरांचा धनी व मोलाने लावलेला माणूस यांत भेद केलेला आहे : लांडगा येताच मोलकरी पळून जातो, कारण मेंढरे त्याची नसतात. याच शुभवर्तमानाच्या शेवटी ख्रिस्त आपली मेंढरे पीटरच्या (पेत्राच्या) हवाली करतो. यातून धर्मोपदेशकाच्या पदाची एक विलक्षण अडचण निर्माण झाली. तो मेंढपाळ आहे, पण कळप त्याचा नाही. तो राखणदार आहे, तरी त्याने मोलकऱ्यासारखे वागता कामा नये. ख्रिस्ती धर्मकार्यावरील पुढील सर्व लेखन या अडचणीभोवती फिरते, असे म्हणण्यास हरकत नाही.

रोममधील भूमिगत दफनस्थानांत तिसऱ्या शतकापासून खांद्यावर मेंढरू घेतलेल्या तरुण मेंढपाळाची चित्रे आढळतात. हा चित्रप्रकार ख्रिस्ती कलावंतांनी नव्याने निर्माण केलेला नव्हता. खांद्यावर पशू वाहून नेणाऱ्या हर्मीझ देवतेच्या मूर्ती ग्रीसमध्ये त्यापूर्वी कित्येक शतके प्रचलित होत्या. बिशपच्या हातातील आकडेदार दंड हा मेंढपाळाच्या काठीवरून आला. पोपकडून आर्चबिशपांना मिळणारा ‘पॅलियम’ हा गळपट्टा कोकराच्या लोकरीचा विणलेला असतो व तो खांद्यावरील मेंढराचे प्रतीक मानला जातो. उपासकसमूहासाठी रूढ झालेल्या ‘काँग्रिगेशन’ या शब्दाच्या मुळाशी कळप या अर्थाचा ‘ग्रेक्स’ हा लॅटिन शब्द आहे.

पोप पहिला ग्रेगरी (कार. ५९०–६०४) याने पदावर येताच सु. ५९० मध्ये लिहिलेला मेंढपाळाचे नियम (लॅटिन नाव ‘रेगुला पास्तोरालिस’) हा ग्रंथ या विषयावरील मध्ययुगातील प्रमाणग्रंथ ठरला. त्याचे चार भाग आहेत. त्यांपैकी पहिल्यात हे पद कोणी स्वीकारावे, दुसऱ्यात ते स्वीकारल्यावर कसे जगावे, तर चौथ्यात स्वतःच्या दुबळेपणाची आठवण कशी ठेवावी, हे सांगितले आहे. सर्वांत मोठा तिसरा भाग श्रोत्यांविषयीचा आहे. श्रीमंत व गरीब, आनंदी व दुःखी, धनी व चाकर, उतावळे व मंद अशा परस्परविरोधी स्वभावाच्या व स्थितीच्या माणसांना एकच बोध एकाच शब्दांत करून चालत नाही, असे ग्रेगरीचे प्रतिपादन आहे. कळपातील प्रत्येक मेंढरू ओळखण्याच्या जुन्या कल्पनेला त्याने जवळजवळ मानसशास्त्रीय रूप दिले. इंग्लंडमधील वेसेक्सचा राजा ॲल्फ्रेड याने नवव्या शतकाच्या अखेरीस या ग्रंथाचा प्राचीन इंग्रजीत अनुवाद करून त्याच्या प्रती आपल्या राज्यातील बिशपांकडे पाठविल्या.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर प्रॉटेस्टंट पंथांनी यज्ञकर्म करणारा पुरोहित ही कल्पना नाकारली; तिच्या जागी ‘पास्टर’ हे नाव ल्यूथरच्या व कॅल्व्हिनच्या अनुयायांत प्रतिष्ठा पावले. रोमन कॅथलिक पंथातही ही संज्ञा टिकून राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) आधुनिक जगातील चर्चच्या स्थानाविषयी १९६५ साली जो दस्तऐवज संमत केला, त्याला तिने हेच विशेषण लावले. विसाव्या शतकात या कार्याला रुग्णसेवेची व समुपदेशनाची जोड मिळाली. स्वतः मानसिक आजाराचा अनुभव घेतलेले अमेरिकन धर्मोपदेशक अँटन बॉइसन यांनी १९२५ साली मॅसॅचूसेट्‌स राज्यातील वुस्टर येथील मनोरुग्णालयात धर्मविद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणास आरंभ केला. ब्रिटिश शाळांतून तर विद्यार्थ्यांच्या सर्वसाधारण हिताची काळजी या पूर्णतः ऐहिक अर्थानेही ही संज्ञा वापरतात. फ्रेंच विचारवंत मीशेल फूको यांनी १९७८ सालच्या आपल्या पॅरिस येथील व्याख्यानांत या परंपरेची वेगळी मीमांसा केली : कळपाबरोबरच प्रत्येक व्यक्तीवर लक्ष ठेवणारी, तिच्या कल्याणासाठी तिच्या मनाचा हिशेब मागणारी ‘मेंढपाळी सत्ता’ ही आधुनिक राज्यसंस्थेच्या प्रशासनपद्धतीची पूर्वज होय, असे त्यांचे म्हणणे होते.

महाराष्ट्रात अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईत १८१३ साली व अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथे १८३१ साली सुरू झाले. तेथील मराठी मंडळ्यांत धर्मोपदेशकाला ‘पाळक’ म्हणण्याचा प्रघात पडला. गोवा, वसई येथील कॅथलिक समाजात रुळलेला पोर्तुगीज वळणाचा ‘पाद्री’ हा शब्द ‘पित्या’वरून आलेला आहे, तर ‘पाळक’ हा कळपावरून. या प्रतिमेचा अर्थ नगर जिल्ह्यातील श्रोत्यांना समजावून सांगावा लागला नसेल. दुष्काळी माळरानांवर खांद्यावर घोंगडे व हातात काठी घेतलेला धनगर त्यांच्या रोजच्या पाहण्यातला होता.

साहित्यातील अर्थ : मेंढपाळांच्या जीवनावरील ललित वाङ्‌मयाची पश्चिमी परंपरा थिऑक्रिटस या ग्रीक कवीपासून सुरू होते. तो सिसिलीतील सिरॅक्यूजचा रहिवासी. त्याचा काळ इ. स. पू. तिसऱ्या शतकाचा पूर्वार्ध. त्याच्या आयडिल्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कवितांपैकी काहींत सिसिली व कॉस बेट येथील गुराखी व मेंढपाळ येतात. ते गाण्याच्या पैजा लावतात, प्रेमभंगाची दुःखे सांगतात, डॅफ्निस या गोपाच्या मृत्यूवर शोक करतात. थिऑक्रिटसच्या आयुष्याचा काही काळ ॲलेक्झांड्रियात टॉलेमी राजाच्या आश्रयाने गेला. त्या महानगरातील सुशिक्षित वाचकांसाठी, वीरकाव्याच्या षट्‌पदी छंदात, पण डोरिक बोलीच्या वळणाने त्याने हे गावरान संवाद रचले. गोपकाव्य हे गोपांनी गोपांसाठी रचलेले काव्य नव्हे, नगरवासीयांनी नगरवासीयांसाठी रचलेले आहे, ही गोष्ट येथेच स्पष्ट होते. लोकगीतापासून त्याचे वेगळेपण यातच आहे.

या प्रकाराला युरोपीय वाङ्‌मयात कायमचे स्थान मिळाले ते व्हर्जिलच्या (इ. स. पू. ७०–१९) एक्लॉग्ज या दहा कवितांमुळे. व्हर्जिलने काही कवितांना ग्रीसमधील आर्केडिया या डोंगराळ प्रदेशाची पार्श्वभूमी दिली. तेव्हापासून आर्केडिया हे नाव निश्चिंत, सुखी ग्रामजीवनाचे पर्यायनाम झाले. परंतु त्याची पहिलीच कविता निश्चिंत नाही. इ. स. पू. ४२ मध्ये फिलिपायच्या लढाईनंतर विजयी सेनानींनी आपल्या निवृत्त सैनिकांना देण्यासाठी इटलीतील अनेक नगरांच्या जमिनी जप्त केल्या. व्हर्जिलच्या मँच्युआ या जन्मप्रदेशालाही त्याची झळ लागली. पहिल्या कवितेत दोन मेंढपाळ भेटतात. रोममधील एका तरुणाच्या कृपेने टिटिरसची जमीन वाचली आहे आणि तो बीच वृक्षाच्या सावलीत पावा वाजवीत पडला आहे. मेलिबीअसची जमीन गेली आहे आणि तो आपल्या शेळ्या हाकीत परागंदा होत आहे. रात्र पडू लागली असताना टिटिरस त्याला एक रात्र राहण्याचा आग्रह करतो. मेलिबीअस राहिला की नाही, हे कवी सांगत नाही. गोपकाव्य म्हणजे वास्तवापासून पलायन, ही सर्रास केली जाणारी टीका या कवितेला लागू पडत नाही. तीत सावलीचे सुख आहे, पण ती सावली कोणाच्या मर्जीवर अवलंबून आहे, याचे भानही आहे. पुढील अनुकरणकर्त्यांनी बहुधा सावली तेवढी उचलली.

प्रबोधनकाळात या परंपरेला मोठा बहर आला. इटलीत सान्नाद्झारोचे आर्केडिया (१५०४), स्पेनमध्ये माँतेमायोरची दिआना, इंग्लंडमध्ये स्पेन्सरचे द शेपर्ड्‌स कॅलेंडर (१५७९) व सिडनीचे आर्केडिया (१५९०) ही तिची प्रसिद्ध उदाहरणे. डॉन क्विक्झोटचा जनक सर्व्हँटीझ याचे पहिले पुस्तकही एक गोपकादंबरीच (१५८५) होते. यातील बराच भाग आज वाचवत नाही. रेशमी वस्त्रे ल्यालेले, लोकर कातरण्याचे काम कधीही न करणारे हे मेंढपाळ म्हणजे वेषांतर केलेले दरबारी होत. शेक्सपिअरने ॲज यू लाइक इट या नाटकात या संकेतांचा वापर करीत असतानाच त्यांची गंमतही केली आहे. त्यातील कोरिन हा खरा मेंढपाळ दुसऱ्याच्या चाकरीत असून, आपण चारीत असलेल्या मेंढरांची लोकर आपल्याला मिळत नाही, असे तो सांगतो. या एका पात्रामुळे आर्डेनच्या अरण्यात क्षणभर मजुरीचा प्रश्न डोकावून जातो.

कवीचा मेंढपाळ व धर्मसंस्थेचा मेंढपाळ यांची गाठ घालून देण्याचे कामही याच काळात झाले. चौदाव्या शतकात पीत्रार्कने आपल्या लॅटिन गोपकवितांतून ॲव्हीन्यों येथील पोपच्या दरबारावर रूपकात्मक टीका केली होती. स्पेन्सरच्या काही कवितांत आळशी व लोभी धर्माधिकाऱ्यांचा समाचार आहे. या धारेचे सर्वोच्च उदाहरण म्हणजे मिल्टनची लिसिडस (१६३७) ही विलापिका. आयरिश समुद्रात बुडून मरण पावलेल्या एडवर्ड किंग या केंब्रिजमधील सहाध्यायावर ती लिहिलेली आहे. किंग कवी होता व धर्मोपदेशकाच्या पदाकडे त्याचा ओढा होता. म्हणून तो दोन्ही अर्थांनी मेंढपाळ. ग्रीक देवतांच्या मिरवणुकीत मध्येच सेंट पीटर अवतरतो आणि पोटासाठी वाड्यात शिरलेल्या, काठी कशी धरावी हेही ठाऊक नसलेल्या मेंढपाळांचा धिक्कार करतो. थिऑक्रिटस व यहेज्केल असे एका कवितेत एकत्र आल्याने सॅम्युएल जॉन्सनसारखा मातबर टीकाकार संतापला. पवित्र व काल्पनिक यांची ही भेसळ त्याला अनुचित वाटली. तथापि कवितेचे सामर्थ्य याच भेसळीत आहे, असे उत्तरकालीन समीक्षेने मानले आहे.

अठराव्या शतकात या प्रकाराला उतरती कळा लागली. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठी व्हर्सायच्या उद्यानात १७८३ पासून एक शोभेचे खेडे उभारण्यात आले. गोपसंकेतांची ती जणू परिसीमाच होती. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जॉर्ज क्रॅबच्या द व्हिलेज या कवितेने खेड्यातील दारिद्र्य व रोगराई यांचे रोखठोक वर्णन करून जुन्या संकेतांवर हल्ला चढविला. वर्ड्‌स्वर्थने मायकेल (१८००) या कवितेला ‘पॅस्टोरल’ हे उपशीर्षक मुद्दाम दिले. तिचा नायक सरोवर प्रांतातील एक वृद्ध मेंढपाळ असून जमीन वाचविण्यासाठी तो एकुलत्या एका मुलाला शहरात पाठवितो आणि त्याला कायमचा मुकतो. विसाव्या शतकात विल्यम एम्पसन यांनी (१९३५) गुंतागुंतीचे साध्यात मांडण्याची रीत असा गोपकाव्याचा व्यापक अर्थ केला. रेमंड विल्यम्स यांनी द कंट्री अँड द सिटी (१९७३) या ग्रंथात, प्रत्येक पिढीला मागल्या पिढीतील खेडे सुखी का वाटते, याचा जमीनधारणेच्या इतिहासाच्या आधारे शोध घेतला.

भारतीय साहित्यात गोपजीवनाचे मुख्य अधिष्ठान कृष्णकथा हे आहे. मराठी गौळणींत गोकुळ हे भक्तीचे रूपक आहे. एकनाथांच्या गौळणींनी कीर्तनाप्रमाणे पुढे तमाशाच्या फडालाही एक अंग पुरविले. त्याआधीच्या माहाराष्ट्री प्राकृतातील हालाच्या गाथासप्तशतीत शेतकरी, गोप, पारधी यांचे जग अधिक मोकळेपणाने येते. मात्र तेही नागर रसिकांसाठी घडविलेले आहे. आधुनिक काळात रविकिरण मंडळाच्या सुमारास मराठीत जानपद गीतांची लाट आली. तिच्यातील खेडे बहुतांशी आर्केडियाचेच भावंड होते.

भूमिवापरातील अर्थ : कोरड्या, डोंगराळ वा थंड प्रदेशांत नांगरटीपेक्षा चराई अधिक फलदायी ठरते. गवत एका जागी बारमाही मिळत नसल्याने कळप हलवावे लागतात. उन्हाळ्यात डोंगरावर व हिवाळ्यात सखल भागात अशा नियमित स्थलांतराच्या पद्धती भूमध्य सागरी देशांत फार जुन्या आहेत. स्पेनमध्ये दहावा आल्फॉन्सो या राजाने १२७३ साली ‘मेस्ता’ या मेंढपाळ-संघाला सनद दिली. देशाच्या उत्तर-दक्षिण जाणारे मेंढवाटांचे राजमार्ग या संघाच्या ताब्यात होते. त्यांची रुंदी सु. ७५ मी. होती व त्यांवर नांगर घालण्यास मनाई होती. मेरिनो लोकरीच्या निर्यातीवर राजाला उत्पन्न मिळत असल्याने शेतकऱ्यांच्या तक्रारींकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. मेस्ता १८३६ साली बरखास्त झाली.

इंग्लंडमध्ये वेगळेच घडले. तेथे पंधराव्या-सोळाव्या शतकांत लोकरीच्या व्यापारासाठी जमीनदारांनी सामाईक जमिनींना कुंपणे घातली व कुळांना हुसकावले. मेंढरे माणसांना खाऊ लागली आहेत, अशा आशयाचा टॉमस मोरचा उपरोध (यूटोपिया, १५१६) या संदर्भातील आहे. गोपकाव्याचा इंग्लंडमधील बहर आणि ही कुंपणे एकाच शतकातील होत. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कुळांना काढून मोठे मेंढवाडे वसविण्यात आले. सदरलंडच्या जहागिरीतील पॅट्रिक सेलर या व्यवस्थापकावर १८१६ मध्ये घरे जाळणे, मनुष्यवध इ. आरोपांवरून खटला झाला. त्यात तो निर्दोष सुटला. स्थानिक पाळकांपैकी पुष्कळांनी जमीनदारांचीच तळी उचलली, असा आरोप विस्थापितांच्या लेखनात आढळतो. पाळकांच्या नेमणुकीचा अधिकार जमीनदारांकडे असल्याने त्यात नवल नव्हते. याच अधिकाराच्या प्रश्नावरून १८४३ साली स्कॉटलंडचे चर्च फुटले व साडेचारशेहून अधिक पाळक आपली पदे व घरे सोडून बाहेर पडले.

ऑस्ट्रेलियात ‘पॅस्टोरल’ हा शब्द थेट महसुली कायद्यात शिरला. न्यू साउथ वेल्समध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस मेरिनो मेंढ्या आल्या. सरकारने वसाहतीसाठी आखलेल्या हद्दीबाहेर कळप घेऊन गेलेल्या गोऱ्या पशुपालकांना १८३६ मध्ये परवाने व १८४७ च्या राजाज्ञेनंतर दीर्घ मुदतीचे चराईपट्टे देण्यात आले. मूळ रहिवाशांचा शिकारीचा व पाण्याचा हक्क या पट्ट्यांनी बुडू नये, अशी लंडनमधील वसाहतमंत्री अर्ल ग्रे यांची भूमिका होती. प्रत्यक्षात मूळ रहिवाशांची प्रचंड हानी झाली व जे उरले ते त्याच जमिनीवर नाममात्र मोबदल्यात गुरे राखू लागले. उत्तर प्रदेशातील (नॉर्दर्न टेरिटरी) वेव्ह हिल येथील गुरिंजी गुराख्यांनी १९६६ साली काम बंद केले. वेतनाच्या मागणीतून निघालेला हा लढा जमिनीच्या मागणीपर्यंत गेला आणि १९७५ मध्ये पंतप्रधान गॉफ व्हिटलॅम यांनी व्हिन्सेंट लिंगिआरी यांच्या ओंजळीत माती ओतून जमिनीचा काही भाग त्यांच्या स्वाधीन केला. पुढे विक खटल्यात (१९९६) उच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी असा निर्णय दिला, की चराईपट्ट्यामुळे पट्टेदाराला सर्वस्वी अनन्य ताबा मिळतोच असे नाही. म्हणून मूळ रहिवाशांचे हक्क त्याबरोबर टिकू शकतात, मात्र विरोध आल्यास पट्टेदाराचा हक्क वरचढ ठरेल. जमीन चारणे म्हणजे जमिनीचे मालक होणे नव्हे, हे तत्त्व येथे कायद्याने मान्य केले.

चराईच्या सामाईक जमिनींविषयी विसाव्या शतकात मोठा वाद झाला. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार, सामाईक कुरणावर प्रत्येक गुराखी आपले एक जनावर वाढवीत जातो व अखेर कुरणाचा नाश होतो. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी (१९९०) प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे दाखविले, की अशी कुरणे बहुधा निर्नायकी नसतात. स्वित्झर्लंडमधील टर्बेल या गावात १५१७ सालापासून असा नियम होता, की हिवाळ्यात जितक्या गाई पोसता येतील तितक्याच गावकऱ्याने उन्हाळी कुरणावर धाडाव्यात. ऑस्ट्रम यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हार्डिन यांच्या कल्पनेतील एकाकी गुराखी हाही एका अर्थी ग्रंथालयात बसून रेखाटलेला मेंढपाळच होता.

महाराष्ट्र : दख्खनच्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात मेंढपाळी फार प्राचीन आहे. इनामगाव (जि. पुणे) येथील उत्खननाच्या (१९६८–८३) आधारे म. के. ढवळीकर यांनी असे मत मांडले, की इ. स. पू. सु. १००० नंतर हवामान कोरडे होत गेल्याने तेथील शेतकरी अर्धभटक्या मेंढपाळीकडे वळले. गुरांच्या लुटीत लढताना मरण पावलेल्यांचे वीरगळ दख्खनभर आढळतात. धनगर समाजातील मेंढपाळ पावसाळ्यात माण, खटाव, फलटणसारख्या कोरड्या भागांत राहतात व दसरा-दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात किंवा इतरत्र जातात. एकत्र हिंडणाऱ्या कुटुंबांच्या गटाला ‘वाडा’ म्हणतात. वाटेत पीक निघालेल्या शेतांत रात्री मेंढ्या बसवितात. लेंड्या-मुताच्या खताच्या मोबदल्यात शेतकरी धान्य वा रोख रक्कम देतो. शेती व मेंढपाळी यांचा हा व्यवहार काइन-हाबेलच्या कथेपेक्षा अधिक सलोख्याचा आहे. खंडोबाच्या दोन पत्नींपैकी म्हाळसा ही वाण्याची व बाणाई ही धनगराची, या कथेत अशाच संयोगाचे प्रतिबिंब अभ्यासकांना दिसते. जर्मन संशोधक ग्युंटर सोंथायमर यांनी बिरोबा, म्हसकोबा व खंडोबा यांवरील आपल्या ग्रंथात (१९७६) धनगरांच्या ओव्यांच्या आधारे या दैवतांचे पशुपालक मूळ उलगडले, तर रा. चिं. ढेरे यांनी श्रीविठ्ठल : एक महासमन्वय (१९८४) या ग्रंथात विठ्ठलही मुळात गवळी-धनगरांचा देव असल्याचे प्रतिपादन केले. व्यंकटेश माडगूळकरांच्या बनगरवाडी (१९५५) या कादंबरीत माणदेशातील धनगरांचे खेडे तरुण शिक्षकाच्या नजरेतून दिसते; दुष्काळाने मेंढरे मरतात, माणसे गाव सोडून जातात. मराठीत मेंढपाळाला गोपसंकेतांच्या पलीकडे जाऊन पाहणारी ही पहिली मोठी साहित्यकृती मानता येईल.

ब्रिटिश अमदानीत १८७८ च्या व पुढे १९२७ च्या वन अधिनियमांनी राखीव वनांतील चराई परवान्याची बाब ठरली. शेळ्यामेंढ्यांवर वनाधिकाऱ्यांचा विशेष रोष असे. स्वातंत्र्यानंतर गायराने घटत गेली व कालव्यांच्या पाण्याखाली बारमाही पिके वाढल्याने मोकळी शेतेही कमी झाली. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने भटक्या व पशुपालक समाजांचा हंगामी चराईचा हक्क प्रथमच स्पष्ट शब्दांत मान्य केला. तथापि महाराष्ट्रातील धनगरांची गणना अनुसूचित जमातींत नसून भटक्या जमातींत होते. त्यामुळे या कायद्याखाली त्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून दावा करावा लागतो. त्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वी किमान तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, वनात वा वनावर अवलंबून वास्तव्य असल्याचा पुरावा लागतो. वर्षातील सात-आठ महिने वाटेवर असणाऱ्या वाड्याला असा पुरावा कोणत्या गावच्या ग्रामसभेपुढे मांडावा, हीच अडचण असते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२६ हे वर्ष कुरणे व पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून २०२२ साली घोषित केले.